शिशाचा माग: एका सूक्ष्म मापनाचा इतिहास

शिसे विषारी आहे, हे विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोणाला नव्याने सांगण्याची गरज नव्हती. छापखान्यांत खिळे जुळवणारे, पांढरा सफेदा खलणारे रंगारी आणि भट्ट्यांवरचे कामगार यांच्या पोटात उठणाऱ्या कळा, हिरड्यांवर उमटणारी निळसर रेघ आणि लुळी पडणारी मनगटे वैद्यकाच्या चांगल्याच परिचयाची होती. मात्र हे विष कोणत्या मर्यादेपर्यंत निरुपद्रवी असते, या प्रश्नाचे जे उत्तर तेव्हा रूढ होते, ते पुढे जवळपास अर्धशतक टिकले आणि चुकीचे होते. माती, अन्न, रक्त, लघवी असे जे जे प्रयोगशाळेत तपासावे, त्यात शिसे सापडत असे. त्यावरून शिशाचा थोडा अंश शरीरात असणे हा निसर्गक्रमच आहे, असा निष्कर्ष काढला गेला. सापडलेल्या शिशापैकी काही भाग नमुन्यातला नसून प्रयोगशाळेची हवा, काचेची भांडी आणि शुद्ध म्हणून विकत आणलेली आम्ले यांच्यातून आलेला असू शकतो, ही शंका फारशी कोणी घेतली नाही. ती शंका ज्या माणसाने अखेरपर्यंत लावून धरली, तो वैद्यही नव्हता आणि विषशास्त्रज्ञही नव्हता. तो दगडांचे वय मोजणारा भूरसायनशास्त्रज्ञ होता.

या प्रकरणाची मुळे मोटारींच्या इंजिनात आहेत. पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरमध्ये अवेळी पेटल्यामुळे इंजिन ठोके देते, हा त्या काळातील मोटार उद्योगापुढचा मोठा अडथळा होता. डिसेंबर 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत थॉमस मिड्जली यांना असे आढळले की, टेट्राएथिल लेड हे शिशाचे तेलासारखे द्रवरूप संयुग पेट्रोलमध्ये अत्यल्प प्रमाणात मिसळले तरी हे ठोके थांबतात. फेब्रुवारी 1923 मध्ये डेटनमध्येच शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली. त्या सुमारास खुद्द मिड्जली यांनाच शिशाची बाधा झाली होती आणि प्रकृती सुधारण्यासाठी त्यांना काही काळ फ्लोरिडात जाऊन राहावे लागले होते. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे संयुग तयार करणाऱ्या कामगारांना भ्रम आणि झटके येऊ लागले, त्यातील पाच जण दगावले आणि तिसाहून अधिक जणांना रुग्णालयात हलवावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिड्जली यांनी पत्रकारांसमोर तेच द्रव्य हातांवर चोळून त्याच्या निर्धोकपणाची ग्वाही दिली. मे 1925 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी बोलावलेल्या परिषदेत, औद्योगिक आजारांच्या अभ्यासक ॲलिस हॅमिल्टन यांनी हे विष रस्त्यारस्त्यांवर फवारण्यास स्पष्ट विरोध केला. तरीही पुढच्या वर्षी तज्ज्ञ समितीने बंदीला पुरेसा आधार नसल्याचा निर्वाळा दिला आणि पेट्रोलमधील शिशाचा मार्ग मोकळा झाला.

त्यानंतरची चार दशके अमेरिकेत शिशाविषयीचा अधिकृत शब्द सिनसिनाटी येथील केटरिंग प्रयोगशाळेचे डॉ. रॉबर्ट किहो यांचा राहिला. या प्रयोगशाळेचा खर्च मुख्यत्वे शिसे मिसळणारा उद्योगच उचलत होता. किहो यांची मांडणी वरवर पाहता निर्दोष होती. मोटारी आणि कारखाने यांपासून दूर असलेल्या मेक्सिकोतील खेडुतांच्या अन्नात आणि मलमूत्रात त्यांनी शिसे मोजले होते. ते तेथेही आढळल्यामुळे, मनुष्य शिसे घेतो तसे ते बाहेरही टाकतो आणि रक्तातील प्रमाण दर 100 मिलिलिटरला 80 मायक्रोग्रॅमच्या खाली असेपर्यंत धोका नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या सिद्धांतात दोन फटी होत्या. पहिली म्हणजे, ज्या खेडुतांना निसर्गाच्या कुशीतले मानले गेले, ते शिशाचा मुलामा दिलेल्या मातीच्या भांड्यांतून जेवत होते. दुसरी फट अधिक खोल होती. नमुन्याशिवाय केवळ रसायने आणि भांडी वापरून तीच चाचणी केली, तर किती शिसे दिसते, याला रसायनशास्त्रज्ञ कोऱ्या चाचणीचे मूल्य म्हणतात आणि हे मूल्य जेवढे मोठे, तेवढे त्याच्याखालचे सारे अदृश्य राहते. केटरिंग प्रयोगशाळेतील विश्लेषक आपल्या कामात निष्णात होते, परंतु ज्या पातळीवरचे शिसे शोधायला हवे होते, ती पातळीच त्यांच्या मापनाच्या आवाक्याबाहेर होती.

क्लेअर पॅटरसन यांचा शिशाशी संबंध आला तो अगदी वेगळ्या वाटेने. 1922 साली आयोवा राज्यात जन्मलेल्या पॅटरसन यांनी महायुद्धाच्या काळात अणुबॉम्ब प्रकल्पात काम केले आणि तेथेच त्यांची मास स्पेक्ट्रोमीटरशी ओळख झाली. एकाच मूलद्रव्याच्या, पण निरनिराळ्या वजनाच्या अणूंना समस्थानिके म्हणतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्यांना चुंबकीय क्षेत्रातून वळवून वजनानुसार वेगळे करतो. 1948 मध्ये शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन यांनी त्यांना झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांतील शिसे मोजण्याचे काम दिले. युरेनियमचे विघटन होऊन अखेर शिसे बनते, त्यामुळे दोहोंचे प्रमाण कळले की खडकाचे वय काढता येते. जॉर्ज टिल्टन हे सहकारी युरेनियम मोजत होते आणि त्यांचे आकडे लवकरच जुळू लागले. पॅटरसन यांचे शिशाचे आकडे मात्र खडकाचे वय ठाऊक असूनही अपेक्षेच्या कितीतरी वर जात होते आणि प्रत्येक वेळी वेगळे येत होते. अशा प्रसंगी बहुतेक संशोधक नमुना बदलतात किंवा सरासरी काढून मोकळे होतात. पॅटरसन यांनी चुकीचा उगम शोधायला घेतला आणि तो त्यांना नळाच्या पाण्यात, काचेत, आम्लांत, खोलीतल्या धुळीत, स्वतःच्या कपड्यांत आणि केसांत सापडत गेला.

त्यांनी वापरलेली पद्धत या इतिहासाचा कणा असल्यामुळे ती थोडी जवळून पाहायला हवी. लिटरभर पाण्यात अब्जांश ग्रॅमच्या हिशेबात शिसे असेल, तर कोणतेही उपकरण ते थेट नीट दाखवू शकत नाही. म्हणून आधी पसरलेले शिसे थोड्या जागेत गोळा करावे लागते आणि या पायरीला पूर्वसंहतीकरण म्हणतात. त्यासाठी पॅटरसन यांनी डायथायझोन हे सेंद्रिय रसायन घेतले. धातू पकडण्याचा त्याचा गुण हेलमुट फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1925 मध्ये पुढे आणला होता. ते क्लोरोफॉर्ममध्ये विरघळले की गर्द हिरवा द्राव होतो. नमुन्याच्या पाण्यात अमोनिया घालून ते अल्कधर्मी करायचे, जस्त आणि तांबे यांसारखे धातू मध्ये येऊ नयेत म्हणून सायनाइडने त्यांना बांधून ठेवायचे आणि मग हा हिरवा द्राव त्यात ओतून विलगी नरसाळे, म्हणजे खाली तोटी असलेले बंद काचपात्र, जोराने हलवायचे. दोन्ही द्राव एकमेकांत मिसळत नसल्याने थोड्या वेळात जड क्लोरोफॉर्म तळाशी बसतो आणि शिसे असेल तर त्याचा हिरवा रंग लालीकडे झुकतो. तोटी उघडून हा थर काढून घ्यायचा, सौम्य नायट्रिक आम्लाबरोबर पुन्हा हलवायचा, की शिसे आम्लाच्या काही थेंबांत उतरते. ते थेंब धातूच्या पातळ तारेवर सुकवून तार मास स्पेक्ट्रोमीटरच्या निर्वातात तापवली, म्हणजे शिशाचे अणू विद्युतभारित होऊन उडतात आणि वजनानुसार मोजले जातात.

या साखळीत प्रत्येक पायरीवर थोडे शिसे सांडणार हे उघड होते. त्यावरचा उपाय म्हणजे समस्थानिक विरलन. शिशाची 204, 206, 207 आणि 208 अशा वजनांची चार स्थिर समस्थानिके आहेत. त्यांपैकी एकच मोठ्या प्रमाणात असलेले खास शिसे अचूक तोलून नमुन्यात अगदी आरंभीच मिसळले जाते. तांदळाच्या राशीत मोजून टाकलेल्या अक्षता नीट कालवल्या आणि मग एक मूठ उचलून तिच्यातील पांढऱ्या व रंगीत दाण्यांचे प्रमाण पाहिले, तर सगळी रास न मोजताही तिच्यातील दाणे कळतात आणि वाटेत चार मुठी सांडल्या तरी हिशेब बिघडत नाही. पॅटरसन यांचे मापन याच न्यायाने चालत असे. गळतीची काळजी अशी मिटली, मात्र बाहेरून आत शिरणाऱ्या शिशावर या युक्तीचा काही इलाज नव्हता. स्वच्छतेला पर्याय नव्हता.

याच डायथायझोनचा वापर केटरिंग प्रयोगशाळेतही होत होता. दोन्ही पक्षांच्या हाती एकच रसायन असताना त्यांच्या उत्तरांत जो प्रचंड फरक पडला, त्याचे कारण भोवतालच्या खोलीत होते. 1952 मध्ये पॅटरसन कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे गेले आणि तेथे त्यांनी जगातील पहिल्या अतिस्वच्छ प्रयोगशाळांपैकी एक उभारली. शिशाच्या नळांना आणि डागकामाला तेथे जागा नव्हती, गाळलेली हवा किंचित अधिक दाबाने आत सोडल्यामुळे दार उघडले तरी बाहेरची धूळ आत येत नसे, आम्ले आणि पाणी पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध केली जात. 1953 मध्ये ॲरिझोनातील कॅनियन डायब्लो उल्केतून तेथे वेगळे काढलेले शिसे त्यांनी शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील उपकरणावर मोजले. त्या उल्केतील लोह-सल्फाइडमध्ये युरेनियम जवळजवळ नसल्यामुळे तिच्यातील शिसे सूर्यमालेच्या जन्मवेळचे होते. त्या आरंभीच्या मापाच्या आधारे काढलेले पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे, सात कोटींच्या फरकाने, हा त्यांचा 1956 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आजही जवळपास तसाच उभा आहे.

एवढ्या शोधानंतर एखादा शास्त्रज्ञ त्याच क्षेत्रात स्थिरावला असता. पॅटरसन यांच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न घर करून होता: प्रयोगशाळेत चहूकडून शिरणारे हे शिसे मुळात येते कोठून? समुद्रतळाच्या गाळातील आणि नंतर प्रत्यक्ष समुद्राच्या पाण्यातील शिसे मोजण्याचे काम त्यांनी हाती घेतले. मित्सुनोबु तात्सुमोतो यांच्यासह 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की, वरच्या थरातील पाण्यात खोल पाण्याच्या कितीतरी पट शिसे आहे. वरचे पाणी खोलवर मिसळायला शतके लागतात. त्यामुळे वरच हे शिसे साचले असेल, तर ते अलीकडच्या काळात आणि हवेतून आलेले असले पाहिजे. एवढे शिसे हवेत सोडणारा सर्वांत ठळक उगम म्हणजे पेट्रोल. 1965 मध्ये त्साइह्वा चाउ आणि जॉनस्टोन यांनी लॉस एंजेलिसच्या हवेतील आणि तेथील पेट्रोलमधील शिशाच्या समस्थानिकांची तुलना केली, तेव्हा या अनुमानाला भक्कम दुजोरा मिळाला. पेट्रोलियम उद्योगाच्या संस्थेकडून पॅटरसन यांना मिळणारे अनुदान मात्र याच सुमारास बंद झाले.

1965 सालीच पॅटरसन यांनी आर्काइव्ह्ज ऑफ एन्व्हायर्नमेंटल हेल्थ या नियतकालिकात मनुष्याच्या भोवतालातील नैसर्गिक आणि प्रदूषित शिसे यांवर प्रदीर्घ लेख लिहिला. शिसे आणि इतर मूलद्रव्यांचे खडकांतील प्रमाण हाताशी धरून त्यांनी असा हिशेब मांडला की, नैसर्गिक अवस्थेतील माणसाच्या रक्तात 100 मिलिलिटरला 0.25 मायक्रोग्रॅम शिसे असायला हवे, तर सामान्य अमेरिकन माणसाच्या रक्तात ते 25 मायक्रोग्रॅम होते. म्हणजे ज्याला आजवर निरोगी समजले गेले, तो माणूस नैसर्गिक पातळीच्या शंभरपट वर आणि विषबाधेच्या मान्य मर्यादेच्या मात्र केवळ तिप्पट खाली होता. या युक्तिवादाचे खरे बळ एका भेदात आहे. सर्वांच्या अंगी असते म्हणून एखादी गोष्ट नैसर्गिक ठरत नाही आणि सर्वच जण बाधित असतील तर तुलनेला निरोगी माणूसच उरत नाही. किहो यांनी या लेखाला कडाडून विरोध केला, तरी तो छापला जावा, म्हणजे त्याचा जाहीर समाचार घेता येईल, असे त्यांचे मत होते. जून 1966 मध्ये सिनेटर एडमंड मस्की यांच्या उपसमितीपुढे दोघांच्याही साक्षी झाल्या. सार्वजनिक आरोग्याची राखण करणाऱ्यांनी शिशाविषयीच्या माहितीसाठी शिसे उद्योगावरच विसंबून राहणे गैर आहे, असे पॅटरसन यांनी तेथे रोखठोक सांगितले.

हिशेबाला प्रत्यक्ष पुरावा हवा होता आणि तो थराथराने साठवून ठेवलेला सापडला ध्रुवीय बर्फात. दरवर्षी पडणारा बर्फ आदल्या वर्षीच्या बर्फावर दबत जातो आणि त्या त्या काळची हवेतील धूळही त्यात कोंडली जाते. वायव्य ग्रीनलँडमध्ये कॅम्प सेंचुरी हा अमेरिकी सैन्याचा तळ बर्फाच्या पोटातच खोदलेला होता. तेथील भुयारांमुळे शतकांपूर्वीच्या थरांपर्यंत चालत जाणे शक्य झाले. आम्लाने धुतलेल्या करवती आणि प्लॅस्टिकचे पोशाख व हातमोजे यांच्या साहाय्याने पॅटरसन यांच्या पथकाने बर्फाचे मोठाले ठोकळे कापले. गोठवणाऱ्या थंडीत काम करणाऱ्याच्या नाकातून ओघळलेला एक थेंबही नमुना वाया घालवू शकत होता. दक्षिण ध्रुवखंडावरूनही असेच नमुने आणले गेले. मासायो मुरोझुमी, चाउ आणि पॅटरसन यांचा निबंध 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. इ. स. पूर्व 800 च्या सुमारास ग्रीनलँडच्या एक किलो बर्फात 0.001 मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असलेले शिसे 1965 पर्यंत 0.2 मायक्रोग्रॅमच्या वर गेले होते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून, युरोपात भट्ट्या वाढल्या तशी, ही रेषा चढू लागते आणि 1940 नंतर एकदम उभी होते. दक्षिणेकडच्या बर्फात, जेथे कारखाने आणि मोटारी फार दूर आहेत, शिशाचे प्रमाण याहून बरेच कमी होते.

तरीही शास्त्रीय समित्यांनी पॅटरसन यांना सहज जवळ केले नाही. हवेतील शिशाचा अहवाल 1971 मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या ज्या मंडळाने तयार केला, त्यात या विषयातील सर्वांत अचूक मापन करणाऱ्या या माणसाला स्थान नव्हते. त्या संस्थेने 1978 मध्ये नव्या मंडळावर त्यांना घेतले, पण बहुमताचा मिळमिळीत निष्कर्ष मान्य नसल्याने 1980 च्या अहवालाला त्यांनी स्वतःचे स्वतंत्र, दीर्घ मत जोडले.

दरम्यान त्यांच्या प्रयोगशाळेने स्वतःच्याच जुन्या आकड्यांना मोडीत काढले होते. 1963 चे समुद्राच्या पाण्याचे आकडे पुढे फार वरचे ठरले, कारण पाणी खेचणारे उपकरण, त्याची तार आणि जहाजाच्या भोवतालचे दूषित पाणी यांच्यातूनच शिसे नमुन्यात शिरले होते. बर्नहार्ड शाउले यांच्यासह पॅटरसन यांनी नवे खोल-पाणी उपकरण घडवले. 1981 च्या त्यांच्या निबंधानुसार ईशान्य पॅसिफिकच्या एक किलो पृष्ठजलात सुमारे 14 नॅनोग्रॅम, तर खोल पाण्यात केवळ एक नॅनोग्रॅमच्या आसपास शिसे होते. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, अर्थात किलोत एक नॅनोग्रॅम म्हणजे एक लाख कोटी भागांत एक भाग. वरच्या थरात अधिक आणि खाली कमी, हा मूळ निष्कर्ष कायम राहिला, किंबहुना तो अधिक ठसठशीत झाला.

डोरोथी सेटल यांच्याबरोबर 1980 मध्ये सायन्स साप्ताहिकात प्रसिद्ध केलेला ट्यूना माशाचा अभ्यास याच कसोटीचा पुढचा टप्पा होता आणि या सबंध कामातील तो सर्वांत बोलका म्हणावा लागेल. ताज्या अल्बाकोर माशाच्या एका ग्रॅम मांसात त्यांना 0.3 नॅनोग्रॅम शिसे आढळले, तर तशाच मांसाचा सरकारी प्रयोगशाळेचा आकडा 400 नॅनोग्रॅम, म्हणजे हजारपटींहूनही अधिक होता. कापताना आणि भरताना शिसे सुमारे वीसपट वाढत होते, तर शिशाचे डाग दिलेल्या डब्यात बंद केल्यावर ते ग्रॅमला 1400 नॅनोग्रॅमपर्यंत, सुमारे चार हजारपट चढत होते. ताज्या माशाचाच आकडा हजारपट चुकलेला असल्याने ही वाढ नेहमीच्या प्रयोगशाळांना क्षुल्लक वाटत होती. डबाबंद मासा ताज्याच्या तिप्पट-चौपट दिसणे आणि चार हजारपट दिसणे यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिशाचे डाग दिलेले अन्नाचे डबे बनवणे अमेरिकी उद्योगाने 1991 मध्ये थांबवले आणि 1995 मध्ये त्यांवर कायद्याने बंदी आली.

पेट्रोलमधून शिसे जाण्याचे श्रेय एकट्या पॅटरसन यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. मोटारींचा धूर निवळण्यासाठी 1975 पासून बसवण्यात आलेल्या उत्प्रेरक परिवर्तकातील प्लॅटिनम शिशामुळे निकामी होत असे, म्हणून शिसेविरहित पेट्रोल बाजारात आणणे भागच पडले. 1979 मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे आणि त्यांची बुद्धिमत्ता व वर्तन यांचा संबंध दाखवला, तेव्हा लक्षणे न दिसणाऱ्या बाधेचा प्रश्न ऐरणीवर आला. निर्णायक पुरावा मात्र पुन्हा मापनातूनच मिळाला. फेब्रुवारी 1976 ते फेब्रुवारी 1980 या चार वर्षांत अमेरिकनांच्या रक्तातील सरासरी शिसे 14.6 वरून 9.2 मायक्रोग्रॅमवर आले आणि ही 37 टक्क्यांची घट पेट्रोलमधील शिशाच्या घटीबरोबर जणू पाऊल मिळवून चालत होती. 1996 च्या आरंभी अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेमिश्रित पेट्रोल पूर्णतः बंद झाले. त्याच्या काही आठवडे आधी, डिसेंबर 1995 मध्ये, पॅटरसन यांचे निधन झाले होते. भारतात मुंबईसह चार महानगरांत 1995 पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, तर 2000 मध्ये देशभर शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री थांबली. जगात ते सर्वांत शेवटी, 2021 मध्ये, अल्जीरियात संपले.

प्रयोगशाळांच्या जगातही या कामाचे पडसाद दूरवर उमटले. अणुशोषण वर्णपटमापनाचा पाया 1955 मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी घातला होता. ज्योतीत उडालेले धातूचे अणू ठरावीक रंगाचा प्रकाश किती गिळतात, यावरून त्यांचे प्रमाण काढण्याची ही रीत स्वस्त आणि सोपी असल्याने सर्वत्र पसरली. 1980 मध्ये आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्माला मास स्पेक्ट्रोमीटर जोडण्याची पद्धत पुढे आली आणि एकाच नमुन्यातील शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे धातू मिनिटांत मोजता येऊ लागले. डायथायझोनच्या जागी धातू धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या नळ्या आल्या, तरी आधी गोळा करा आणि मग मोजा हा क्रम समुद्राच्या पाण्यासाठी बदललेला नाही. स्वच्छ नमुने घेण्याची शिस्त रुळल्यावर 1970 च्या दशकात समुद्रातील तांबे, जस्त, कॅडमियम यांचे आधीचे प्रसिद्ध आकडेही दहापट ते हजारपट खाली आले आणि उपकरण कितीही संवेदनशील झाले तरी कोऱ्या चाचणीचे मूल्य कमी केल्यावाचून त्याचा उपयोग नाही, हे या शाखेला पटले.

मुलांच्या रक्तातील चिंताजनक शिशाची अमेरिकेतील मर्यादा 1960 च्या दशकातील 60 मायक्रोग्रॅमवरून 40, 30, 25, 10, 5 अशी उतरत 2021 मध्ये 3.5 वर आली. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातील सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात 5 मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आहे आणि त्यांतील सुमारे 27.5 कोटी मुले भारतातील आहेत. त्यांच्या बाबतीत पेट्रोलची जागा आता उघड्यावर वितळवल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या, रंग आणि भेसळीचे मसाले यांनी घेतली आहे. पॅटरसन यांनी 1965 मध्ये नैसर्गिक म्हणून मांडलेला 0.25 मायक्रोग्रॅमचा आकडा तेव्हा अतिरेकी ठरवला गेला होता. त्यांचे सहकारी रसेल फ्लेगल आणि डोनाल्ड स्मिथ यांनी 1992 मध्ये औद्योगिक काळापूर्वीच्या माणसाच्या रक्तासाठी जो अंदाज बांधला, तो 0.016 मायक्रोग्रॅम होता. त्या हिशेबाने पॅटरसन यांचा आकडाही पंधरापट वरचा होता आणि आजची 3.5 ची मर्यादा त्या नैसर्गिक पातळीच्या दोनशेपटींहून अधिक आहे.